अन्नाचा हिशेब मांडणारे शास्त्रज्ञ : डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे

लंडन विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन मायदेशी परतलेला एक मराठी तरुण अध्यापनाच्या जागेसाठी बनारसला गेला आणि हिंदू विद्यापीठाचे संस्थापक पंडित मदनमोहन मालवीय यांना भेटला, अशी हकीगत डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांच्याविषयी नेहमी सांगितली जाते. त्यांचे संख्याशास्त्र देशातील दारिद्र्य आणि भूक यांच्या निवारणास कसे उपयोगी पडणार, असे मालवीयजींनी विचारले म्हणतात, आणि त्या क्षणी या विद्वान तरुणापाशी समाधानकारक उत्तर नव्हते. काशीच्या त्या भेटीतून प्राध्यापकपद मिळाले नाही. मात्र ज्या प्रश्नाने त्यांना निरुत्तर केले, तोच पुढे त्यांच्या आयुष्याचा विषय झाला.

सुखात्मे यांचा जन्म २७ जुलै १९११ रोजी सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून गणित विषय घेऊन १९३२ मध्ये ते पदवीधर झाले आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये दाखल झाले. तेथे रोनाल्ड फिशर, जर्झी नेमन, इगॉन पिअर्सन या दिग्गजांचा सहवास त्यांना लाभला. संपूर्ण समूह न मोजता त्यातील थोडे घटक शास्त्रशुद्ध रीतीने निवडून सर्वांविषयी भरवशाचे अनुमान कसे करावे, याचे सिद्धांत नेमन त्याच काळात मांडत होते. १९३६ मध्ये पीएच.डी. आणि १९३९ मध्ये डी.एस्सी. या पदव्या सुखात्मे यांनी संपादन केल्या. कलकत्त्याच्या आरोग्य संस्थेत अल्पकाळ अध्यापन केल्यावर १९४० मध्ये ते दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत रुजू झाले.

त्या काळी पिकाचा अंदाज कसा बांधला जाई, हे आपल्याकडे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कोणालाही ठाऊक असेल. गावचा अधिकारी बांधावर उभा राहून नजरेने आणेवारी ठरवी. पीक बारा आणे की आठ आणे, हे त्याच्या अनुभवावर आणि कधी त्याच्या भीतीवरही अवलंबून असे, कारण आणेवारी घसरली की सारामाफीचा प्रश्न उभा राही. अशा अंदाजांची बेरीज म्हणजेच देशाचे अन्नधान्य! १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाने या आकड्यांवर विसंबणे किती महागात पडते, ते दाखवून दिले.

सुखात्मे यांनी त्याऐवजी पीककापणीची पद्धत रूढ केली. यदृच्छेने गावे निवडायची, त्या गावांतील काही शेते तशीच निवडायची, शेतातही कापणीची जागा यदृच्छेनेच ठरवायची. दोरी लावून तेवढा तुकडा आखायचा, कापायचा, मळायचा आणि धान्य तोलायचे. हे काम त्यांनी नव्या भरतीकडे न देता महसूल आणि कृषी खात्यांच्या सेवकांवरच सोपवले. मोजणारा माणूस गावात आधीपासूनच आहे, त्याला रीत तेवढी शिकवावी, असा त्यांचा व्यवहारी विचार होता.

यावरून कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी त्यांचा दीर्घकाळ वाद झाला. महालनोबिस यांचा कल खास प्रशिक्षित गणकांकडे आणि अगदी लहान तुकड्यांकडे होता. मुरादाबाद जिल्ह्यातील गव्हाच्या प्रयोगांतून सुखात्मे यांनी दाखवले की तुकडा फार लहान असेल तर उत्पन्न फुगून येते. सीमेवरचे रोप आत धरावे की बाहेर, असा संभ्रम पडला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो, आणि तुकडा जितका लहान तितका सीमेचा वाटा मोठा. मानवी स्वभावाचे इतके साधे निरीक्षण फक्त शेतात उतरलेल्या गणितज्ञालाच सुचू शकते.

परंतु एकट्याने वाद जिंकून शास्त्र रुजत नाही. प्रांतोप्रांतीच्या कृषी खात्यांत तेव्हा तुरळक संख्याशास्त्रज्ञ काम करीत होते; एकाचे प्रयोग दुसऱ्यापर्यंत पोहोचत नव्हते आणि कोणाच्या चुका कोणी तपासत नव्हते. या विखुरलेल्या मंडळींसाठी १९४७ मध्ये दिल्लीत भारतीय कृषी सांख्यिकी संस्था स्थापन झाली. तत्कालीन अन्न व कृषिमंत्री डॉ. राजेंद्रप्रसाद अध्यक्ष झाले आणि सचिवपद सुखात्मे यांनी स्वीकारले. पुढल्याच वर्षी संस्थेची संशोधनपत्रिका सुरू झाली. सभासद मिळवणे, वर्गणी गोळा करणे, लेख मागवून ते तज्ज्ञांकडून तपासून घेणे, वार्षिक संमेलन भरवणे ही अशा संस्थेची नित्याची कामे. ज्यांनी कधी एखादी संस्था चालवली आहे, त्यांना सचिवाच्या वाट्याला काय येते हे सांगायला नको. राजेंद्रबाबू पुढे राष्ट्रपती झाले, तरी १९६३ मध्ये निधन होईपर्यंत अध्यक्षपदी राहिले. पत्रिका इंग्रजीत असली तरी तिला हिंदी परिशिष्टाची जोड मिळाली. ज्याच्या शेतातले धान्य तोलले जाते, त्याच्या भाषेतही त्या शास्त्राने थोडेफार बोलावे, ही दृष्टी त्या काळी दुर्मीळच म्हणावी लागेल.

नमुना पाहणीवरील सुखात्मे यांचा विख्यात ग्रंथ १९५४ मध्ये अमेरिकेतील आयोवा येथील प्रकाशनगृहाच्या जोडीने याच संस्थेने प्रसिद्ध केला. त्याच वर्षी विनायक गोविंद पानसे यांच्यासह त्यांनी लिहिलेले कृषी संशोधकांसाठीचे पुस्तकही आले. कृषी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या.

१९५१ मध्ये सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले आणि पुढची दोन दशके रोममध्ये तेथील सांख्यिकी विभागाची धुरा त्यांनी वाहिली. जगातील दोनतृतीयांश माणसे उपाशी वा अर्धपोटी आहेत, असे त्या काळी सर्रास म्हटले जाई. सुखात्मे यांनी १९६१ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा पुरेसे अन्नच न मिळणाऱ्यांचे प्रमाण १० ते १५ टक्के निघाले. निकृष्ट आहार घेणारे धरले, तर ती संख्या निम्म्या लोकसंख्येपर्यंत जात होती. भूक आणि कुपोषण यांची अशी फोड त्यांनी केली. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने १९६३ मध्ये गाय रौप्यपदक देऊन त्यांचा गौरव केला, आणि १९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

निवृत्तीनंतर पुण्यात स्थायिक होऊनही ते स्वस्थ बसले नाहीत. एकाच निरोगी माणसाची उष्मांकांची गरजही काळानुसार बदलते, म्हणून सरासरी गरजेच्या खाली असलेल्या प्रत्येकाला कुपोषित ठरवणे चूक आहे, असे त्यांनी मांडले. पुण्यातीलच अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांनी त्यास कडाडून विरोध केला. रेषा खाली ओढली की कागदावरचे गरीब कमी होतात आणि शासनाची जबाबदारीही हलकी होते, ही शंका निराधार नव्हती. तथापि सुखात्मे यांचे लक्ष केवळ धान्यावर नव्हते. शुद्ध पाणी आणि स्वच्छता नसेल, तर खाल्लेले अन्नही अंगी लागत नाही, हे ते आग्रहाने सांगत राहिले.

२८ जानेवारी १९९७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने भारत सरकार संख्याशास्त्रातील राष्ट्रीय पुरस्कार देते. तो सांख्यिकी दिनी, म्हणजे २९ जूनला, प्रदान होतो. तो दिवस प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या जयंतीचा.