जॉन बॉइड डनलॉप

सायकलवरून शाळेस येणाऱ्या विद्यार्थ्यास चाकांतील हवेची किंमत ती निघून गेल्यावरच कळते. एरवीं तिची आठवणहि त्यास होत नाहीं. चाकांत हवा भरण्याची युक्ति ज्या गृहस्थानें जगभर रूढ केली, तो यंत्रशास्त्रज्ञ नव्हता कीं कारखानदार नव्हता. तो गुराढोरांचा डॉक्टर होता. त्याचें नांव जॉन बॉइड डनलॉप.

डनलॉप यांचा जन्म स्कॉटलंडमधील ड्रेगहॉर्न या खेड्यांत, एका शेतकरी कुटुंबांत, ५ फेब्रुवारी १८४० रोजीं झाला. एडिंबरो येथें पशुवैद्यकाचा अभ्यास करून ऐन तरुणपणींच ते परीक्षा उतरले व कांहीं वर्षें त्यांनीं त्याच शहरीं धंदा केला. १८६७ सालीं ते आयर्लंडांत गेले. पुढें बेलफास्ट शहरीं त्यांचा चांगला जम बसला. घोडे व गुरें तपासण्यासाठीं त्यांस दूरदूर गाडीनें जावें लागे. त्या काळच्या रस्त्यांवर दगड बसविलेले असत आणि गाड्यांच्या चाकांस लोखंडी धाव असे. सायकलींच्या चाकांस भरीव रबराची पट्टी असे. पण तीहि कठीणच. प्रत्येक दगडाचा धक्का बसणाराच्या हाडांपर्यंत पोंचे.

डनलॉप यांचा लहानगा मुलगा तीनचाकी सायकल चालवीत असे. दगडी रस्त्यावर तिचे हिसके फार बसतात अशी त्याची तक्रार होती. १८८७ सालीं वडिलांनीं ही तक्रार मनावर घेतली. त्यांनीं पातळ रबराची एक नळी घरींच तयार केली, लांकडाच्या एका वाटोळ्या फळीच्या कडेवर ती बसविली, वरून कापडाचें वेष्टण घालून तें खिळ्यांनीं पक्कें केलें आणि फुटबॉलच्या पंपानें आंत हवा भरली. मग आपल्या अंगणांत त्यांनीं दोन चाकें घरंगळत सोडलीं. एक तीनचाकीचें जुनें चाक व दुसरें हें नवें. जुनें चाक वाटेंतच आडवें पडलें. नवें अंगण ओलांडून पलीकडील फाटकाच्या खांबावर आदळलें व उसळून मागें आलें. प्रयोगाचा निकाल लागला होता. लवकरच मुलाच्या सायकलीचीं मागचीं दोन्ही चाकें हवेचीं झालीं.

यांतील मर्म समजण्यास कठीण नाहीं. भरीव चाकाखालीं खडा आला म्हणजे सारें चाक व त्यावरील माणूस वर उचलला जातो आणि पुढें जाण्याची कांहीं शक्ति त्यांत फुकट खर्च होते. हवेच्या चाकाखालीं तोच खडा आला तर टायर तेवढ्याच ठिकाणीं दबतो व खडा जणुं गिळून पुढें जातो. म्हणून हें चाक नुसतें मऊच नव्हे, तर वेगवानहि ठरलें.

७ डिसेंबर १८८८ रोजीं डनलॉप यांस या शोधाचें पेटंट मिळालें. जाडजूड टायर पाहून लोक प्रथम हांसले. परंतु १८८९ सालच्या मे महिन्यांत बेलफास्ट येथील क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर विल्यम ह्यूम नांवाच्या सायकलपटूनें तेच टायर लावून चारहि शर्यती जिंकल्या, तेव्हां हांसें मावळलें. हार्वे डु क्रॉस या व्यापाऱ्यानें डब्लिन येथें कंपनी उभारली व डनलॉप यांनीं आपलें पेटंट तिच्या स्वाधीन केलें.

इतक्यांत एक मोठा आघात झाला. रॉबर्ट विल्यम थॉमसन नांवाच्या दुसऱ्याच एका स्कॉटिश गृहस्थानें १८४५ सालींच हवेच्या चाकाचें पेटंट घेतलें होतें! त्याचीं चाकें घोडागाड्यांसाठीं होतीं. तेव्हां सायकलींचा प्रसार झालेला नव्हता आणि रबर महाग होतें. म्हणून ती कल्पना विस्मृतींत गेली होती. डनलॉप यांस तिची वार्ताहि नव्हती. तरी कायदा तो कायदाच. त्यांचें पेटंट रद्द ठरलें.

शिवाय हवेच्या टायरास एक जन्मजात दोष होता. खिळा रुतला कीं पंक्चर! पहिले टायर चाकास चिकटवून बसविलेले असत. छिद्र बुजविण्यासाठीं सारें उसकटावें लागे. १८९० सालीं चार्ल्स वेल्च यानें कडेस तार असलेला, सहज काढतां-घालतां येणारा टायर काढला. अशा पेटंटांचे हक्क मिळविल्यामुळें कंपनी तरली.

डनलॉप मात्र १८९५ सालीं कंपनींतून बाहेर पडले. पुढल्याच वर्षीं ती तीस लक्ष पौंडांस विकली गेली. त्या संपत्तींत त्यांस वांटा मिळाला नाहीं. त्यांनीं उर्वरित आयुष्य डब्लिन येथें शांतपणें घालविलें व २३ ऑक्टोबर १९२१ रोजीं तेथेंच त्यांचें देहावसान झालें. नांव तेवढें जगभर पसरलें. १९३६ सालीं बंगालमधील सहागंज येथें त्याच नांवाचा टायरचा कारखाना निघाला.

पंक्चरचा जुना दोष अद्यापि पुरता गेलेला नाहीं. म्हणून हल्लीं बागेंतील एकचाकी ढकलगाडीच्या लहानशा टायरांत कित्येक लोक हवेऐवजीं फोम भरतात. दोन द्रव मिसळून आंत सोडले कीं तें मिश्रण भरून राहतें व घट्ट होतें. मग खिळ्याची भीति नाहीं. भिंतींच्या फटी बुजविण्याचा डब्यांतील फोम मात्र येथें फसतो, कारण त्यास घट्ट होण्यास हवेंतील ओल लागते आणि बंद टायराच्या पोटांत ती पुरेशी मिळत नाहीं. शिवाय फोमनें चाक जड होतें, त्याची उसळी कमी होते, आणि भरलेला फोम पुन्हां काढणें जवळजवळ अशक्य असतें. सावकाश ओझें वाहणाऱ्या गाडीस हा सौदा परवडतो. सायकलस परवडत नाहीं. डनलॉप यांनीं अंगणांत जें सिद्ध केलें, तें असें अजूनहि खरें आहे.

ही युक्ति प्रथम थॉमसन यांस सुचली, हें प्रामाणिकपणें मान्य केलें पाहिजे. परंतु तिचा उपयोग सामान्य माणसाच्या दारापर्यंत पोंचला तो डनलॉप यांच्यामुळें. मुलाच्या एका साध्या तक्रारीकडे त्यांनीं दुर्लक्ष केलें नाहीं आणि विचार मनांत येतांच स्वतःच्या हातांनीं तो करून पाहिला. विद्यार्थ्यांनीं त्यांचा हा दुसरा गुण घ्यावा, आणि पालकांनीं पहिला.