दिवाणबहादूर अण्णासाहेब लठ्ठे : एक निर्वैर कायदेपंडित

दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाज हा प्रामुख्याने शेतकऱ्यांचा समाज. कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणाऱ्या या समाजात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उच्चविद्याविभूषित माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. अशा काळात एम. ए., एलएल. बी. झालेल्या एका तरुणाने आपली विद्या केवळ चरितार्थाला न जुंपता समाजाच्या पदरात टाकली. ते म्हणजे दिवाणबहादूर अण्णासाहेब बाबाजी लठ्ठे.

अण्णासाहेबांचा जन्म १८७८ साली कुरुंदवाड येथे झाला. १८९९ साली निपाणीजवळील श्रीक्षेत्र स्तवनिधी येथे दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली, तेव्हा ते अवघे विशीत होते. यात्रेनिमित्त एकत्र येणाऱ्या समाजाला शिक्षणाच्या आणि सुधारणेच्या विचारासाठी एकत्र आणावे, ही या सभेमागील दृष्टी. तिच्या प्रारंभकाळातील धुरीणांत अण्णासाहेबांचे नाव अग्रभागी आहे. १९०५ साली त्यांनी जैन धर्माची ओळख करून देणारा इंग्रजी ग्रंथ लिहिला. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात त्यांनी इंग्रजीचे अध्यापन केले, पुढे संस्थानच्या शिक्षण खात्यातही काम केले.

राजर्षी शाहू छत्रपतींच्या आश्रयाने कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहात होती. त्यांपैकी दिगंबर जैन बोर्डिंगची जबाबदारी अण्णासाहेबांकडे होती. खेड्यापाड्यांतून आलेली शेतकऱ्यांची मुले येथे राहून शिकली. पुढे कर्मवीर म्हणून कीर्ती पावलेले भाऊराव पाटील हे त्यांतलेच एक. १९०८ च्या सुमारास अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास भाऊराव जाऊन आले. स्नान केल्याशिवाय भोजनगृहात येऊ नये, असे त्यांना बजावण्यात आले. भाऊरावांनी ते मानले नाही आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. सुधारणेचा ध्वज हाती घेतलेल्या अण्णासाहेबांना त्या प्रसंगी रूढीची चौकट ओलांडता आली नाही, हे त्यांच्या चरित्रात प्रांजळपणे नोंदवले पाहिजे.

याच शिष्याने पुढे गुरूचे ऋण कसे फेडले, ती हकीकत विलक्षण आहे. १९१४ साली कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्याच्या पुतळ्याला डांबर फासण्यात आले. या डांबर प्रकरणात संशयाची सुई अण्णासाहेबांकडे वळली. त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणले गेले. भाऊरावांनी तुरुंगवास आणि छळ सोसला. पण साक्ष दिली नाही. ज्या वसतिगृहातून आपल्याला बाहेर पडावे लागले, त्याच्या प्रमुखासाठी त्यांनी हे सोसले.

छत्रपतींशी असलेला स्नेह या काळात दुरावला. अण्णासाहेबांना कोल्हापूर सोडावे लागले आणि त्यांनी बेळगावात वकिली सुरू केली. मानी माणसाच्या मनात अशा वेळी कायमची अढी बसते. अण्णासाहेबांनी मात्र आपले दुःख सार्वजनिक कार्याच्या आड येऊ दिले नाही. ज्या ब्राह्मणेतर चळवळीचे छत्रपती आधारस्तंभ होते, त्याच चळवळीत ते काम करीत राहिले. शेतकरी वर्गाला राजकीय प्रतिनिधित्व मिळावे यासाठी त्यांनी लेखणी आणि कायद्याचे ज्ञान दोन्ही झिजवली. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर ते मध्यवर्ती विधिमंडळाचे सभासद झाले.

१९२२ साली राजर्षींचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांत, १९२४ साली, त्यांचे दोन खंडांतील विस्तृत इंग्रजी चरित्र प्रसिद्ध झाले. त्याचे लेखक होते अण्णासाहेब लठ्ठे! पाठोपाठ त्यांनी मराठीतही चरित्र लिहिले. ज्यांच्या राज्यातून आपल्याला जावे लागले, त्यांचे कार्य कागदपत्रांच्या आधारे जगापुढे मांडण्याचे काम त्यांनी निष्ठेने केले. राजर्षींच्या अभ्यासकांना आजही या ग्रंथाकडे वळावे लागते. क्षमा हा धर्म आपण पर्वकाळी उच्चारतो. अण्णासाहेबांनी तो ग्रंथरूपाने आचरला.

काळाचा न्यायही पाहा. छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत अण्णासाहेब त्याच कोल्हापूर संस्थानचे दिवाण झाले. १९३७ साली बाळासाहेब खेर यांच्या नेतृत्वाखाली मुंबई इलाख्यात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले, तेव्हा अर्थखाते अण्णासाहेबांकडे सोपविण्यात आले. सरकारने दारूबंदीचे धोरण स्वीकारले. दारूवरील कराचे मोठे उत्पन्न बुडणार होते. ती तूट भरून काढण्यासाठी शहरांतील स्थावर मालमत्तेवर कर बसविण्यात आला. धनिकांचा रोष पत्करूनही अर्थमंत्री मागे हटले नाहीत. १९३९ च्या अखेरीस महायुद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि ही कारकीर्द संपली.

१९५० साली अण्णासाहेबांनी इहलोकीची यात्रा संपविली. सांगलीची लठ्ठे एज्युकेशन सोसायटी त्यांच्या नावाने शिक्षणकार्य करीत आहे. प्राध्यापक, वकील, ग्रंथकार, दिवाण, मंत्री अशी अनेक पदे त्यांनी भूषविली. परंतु पदे काळाच्या ओघात विस्मरणात जातात. मागे उरतो तो माणसाचा स्वभाव. मतभेद झाले तरी कार्य सोडू नये, अन्याय झाला तरी दुसऱ्याचे मोठेपण नाकारू नये, ही शिकवण त्यांच्या जीवनातून मिळते. संस्था चालविताना मतभेद कोणाला चुकले आहेत? अशा वेळी अण्णासाहेबांचे स्मरण ठेवणे, हीच त्यांना खरी आदरांजली ठरेल.