अग्नीची मोहोर

अर्देशीर हे पारशी नाव आपल्या ओळखीचे. पण त्या नावाचा राजा मला भेटला तो सोन्याच्या एका नाण्याच्या छायाचित्रात. इराणच्या पार्स प्रांतातील बाबकचा हा मुलगा. इ. स. २२४ मध्ये पार्थियन सम्राट अर्दवानला रणांगणात मारून त्याने ससानी राज्य उभारले. तलवारीने घेतलेले राज्य हक्काचे कसे ठरवायचे? नाण्याच्या एका बाजूस त्याने मझ्दापूजक या बिरुदासह स्वतःचा चेहरा कोरविला, दुसरीकडे पेटती अग्निवेदी. नक्श-ए-रुस्तमच्या कड्यावर तर साक्षात अहुरमझ्दा त्याला राजसत्तेचे कडे देतो आहे. घोड्याच्या टापांखाली अर्दवान! मला ही बढाईच वाटते. इ. स. २४२ च्या सुमारास अर्देशीर गेला. अग्निवेदी पुढे चारशे वर्षे ससानी नाण्यांवर राहिली, सोन्यापेक्षा बाजारात फिरणाऱ्या चांदीवरच अधिक.