गगनचुंबी इमारतींचे शिल्पकार : डॉ. फझलूर रहमान खान

वाचकहो, एखादी उंच इमारत दिसली की आपण मान वर करून तिचे मजले मोजतो. ती कोणाच्या मालकीची, किती खर्च आला, हेही विचारतो. परंतु सोसाट्याच्या वाऱ्यात ती उभी कशी राहते आणि तिला उभी करणारा कोण, हा प्रश्न सहसा आपल्या मनात येत नाही. म्हणूनच शिकागो शहराचे आकाश ज्यांनी बदलून टाकले, त्या डॉ. फझलूर रहमान खान यांची ओळख येथे करून देत आहे. ते एका शिक्षकाचे पुत्र होते, हे आपणांस विशेष वाटेल.

३ एप्रिल १९२९ रोजी ढाका येथे त्यांचा जन्म झाला. वडील अब्दुर रहमान खान हे गणिताचे शिक्षक. पुढे ते शिक्षण खात्यात मोठ्या पदावर गेले आणि महाविद्यालयाचे प्राचार्यही झाले. मुलाला पदार्थविज्ञान आणि अभियांत्रिकी या दोन्हींची ओढ होती. वडिलांच्या सल्ल्याने त्याने अभियांत्रिकीची वाट धरली आणि कलकत्त्याजवळच्या शिवपूर येथील बंगाल इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश घेतला. परंतु १९५० च्या दंगलींमुळे त्याला ढाक्यास परतावे लागले. तेथील अहसानुल्ला इंजिनिअरिंग कॉलेजातून त्याने पदवी पूर्ण केली. १९५२ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून हा तरुण अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात गेला आणि अवघ्या तीन वर्षांत दोन पदव्युत्तर पदव्या व डॉक्टरेट घेऊन बाहेर पडला.

१९५५ मध्ये शिकागोच्या स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या नामांकित संस्थेत त्यांना काम मिळाले. दोन वर्षांनी ते मायदेशी, म्हणजे तेव्हाच्या पाकिस्तानात परतले. कराचीत मानाची जागा मिळाली, पण हाती आली ती बहुतेक कचेरीची कामे. प्रत्यक्ष आराखडे करण्याची त्यांची भूक तेथे भागेना. शेवटी १९६० मध्ये ते पुन्हा शिकागोला आले आणि खरे कार्य येथून सुरू झाले.

ते कार्य काय होते, हे थोडे समजावून घेऊ या. इमारत लहान असते तेव्हा तिच्यापुढे मुख्य प्रश्न वजनाचा असतो. ती उंच होत गेली की वजनापेक्षा वाऱ्याचा धक्का भारी पडू लागतो. त्याला तोंड देण्यासाठी पूर्वी इमारतीच्या पोटात खांब आणि तुळया यांचा पिंजरा बांधीत. उंची वाढेल तसे पोलादही बेसुमार वाढे आणि खर्च आवाक्याबाहेर जाई. डॉ. खान यांनी सारे बळ बाहेरच्या अंगाला नेले. आपला बांबू पाहा. आतून पोकळ, तरी वाऱ्यात वाकतो आणि पुन्हा सरळ होतो, कारण त्याची ताकद कडेला असते. तसेच बाहेरचे खांब जवळजवळ घेऊन ते तुळयांनी घट्ट जोडले, तर सारी इमारत एका पोकळ नळीसारखी वाऱ्याला तोंड देते. या पद्धतीची ४३ मजली इमारत शिकागोत १९६६ पर्यंत पुरी झाली.

त्यानंतर आले १०० मजली जॉन हॅनकॉक सेंटर. त्याच्या बाहेरच्या बाजूस इंग्रजी एक्स अक्षरासारखे प्रचंड तिरपे आधार दिले आहेत. त्यामुळे चौरस फुटास सुमारे ३० पौंड पोलादात काम भागले. जुन्या एम्पायर स्टेट इमारतीस ४० पौंडांहून अधिक लागले होते. पण आकडेमोड जमली म्हणून ते थांबले नाहीत. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला झोके जाणवतील का, ही त्यांना चिंता. तेव्हा शिकागोच्या विज्ञान संग्रहालयातील एका फिरत्या प्रदर्शनीय वस्तूवर माणसांना उभे करून, बसवून, निजवून किती हालचाल जाणवते ते त्यांनी तपासले. इमारत माणसांसाठी असते, हे ते कधी विसरले नाहीत.

पुढचे पाऊल म्हणजे सिअर्स टॉवर. येथे एका नळीऐवजी नऊ नळ्या एकत्र जुळवल्या. सुटा ऊस सहज मोडतो, पण मोळी मोडत नाही, तसाच हा प्रकार. काही नळ्या ५० व्या मजल्यावर, काही ६६ व्या, काही ९० व्या मजल्यावर थांबतात आणि उरलेल्या दोन ११० मजल्यांपर्यंत जातात. १,४५४ फूट उंचीची ही इमारत १९७३ पासून १९९८ पर्यंत जगात सर्वांत उंच गणली गेली. २००९ पासून तिचे नाव विलिस टॉवर आहे.

एवढा मान मिळूनही हा माणूस घराला आणि आपल्या मातीला दुरावला नाही. पत्नी लिझेलोटे ऑस्ट्रियाहून आलेल्या, तर घरात सूर रवींद्रसंगीताचे. ते स्वतः ती गाणी आवडीने गात. १९७१ मध्ये मायभूमी मुक्तिसंग्रामात होरपळत असताना त्यांनी शिकागोत संघटना उभारली, मदत गोळा केली आणि अमेरिकन लोकमत जागे करण्यासाठी धडपड केली. कन्या यास्मिन पित्याच्याच वाटेने जाऊन अभियंता झाल्या. २००४ मध्ये त्यांनी वडिलांच्या कार्यावर ग्रंथ लिहिला. गणिताच्या शिक्षकाने मुलाला दिलेली विद्या अशी नातीपर्यंत पोहोचली.

त्यांचे एक काम आपल्या जिव्हाळ्याचे आहे. जेद्दा विमानतळावरील हज टर्मिनल १९८१ मध्ये खुले झाले. हाजींना तेथे तासन् तास थांबावे लागते आणि ऊन तर भाजून काढणारे. डॉ. खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे पोलादी दोरखंडांवर २१० तंबू टांगले. कापड काचतंतूंचे, त्यावर टेफ्लॉनचा लेप. तंबू शेंड्याकडे निमुळते होत जातात आणि तापलेली हवा वरच्या वाटेने निघून जाते. खाली सावली आणि वारा राहतो. सिअर्स टॉवर उभारणाऱ्या बुद्धीने थकलेल्या यात्रेकरूसाठी वाळवंटातील साधा तंबूच निवडला. या कामाला १९८३ मध्ये आगाखान वास्तुकला पारितोषिक मिळाले.

ते पाहायला डॉ. खान मात्र राहिले नव्हते. २७ मार्च १९८२ रोजी जेद्दा येथेच हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. वयाची ५३ वर्षे पुरी होण्यास एक आठवडा बाकी होता. शिकागोतील ग्रेसलँड दफनभूमीत ते चिरविश्रांती घेत आहेत. १९९९ मध्ये बांगलादेशाने त्यांना मरणोत्तर स्वाधीनता पुरस्कार दिला.

वाचकहो, आपल्या घरातील मुलगा उद्या अभियंता होईल वा न होईल. पण संध्याकाळी तो गणित घेऊन बसला, तर घटकाभर त्याच्याजवळ अवश्य बसा. उत्तर सांगू नका, त्याला विचार करू द्या. ढाक्यातील एका शिक्षकाच्या घरी वाढलेल्या मुलाने जगाला काय दिले, ते आपण वाचलेच आहे.