देह आणि लेणी वाचणारे डॉ. भाऊ दाजी लाड

शरीरशास्त्राच्या तासाला हाडांच्या तक्त्यासमोर आमची मुले आज सहज उभी राहतात. हे ज्या पिढीमुळे शक्य झाले, तिच्यातील डॉ. भाऊ दाजी लाड यांचे चरित्र या स्मरणिकेत आम्ही मुद्दाम देत आहोत.

गोव्यातील मांद्रे येथे त्यांचा जन्म झाला. वडील मातीच्या बाहुल्या विकत. मुलाची बुद्धिबळातील चमक पाहून एका इंग्रज गृहस्थाने त्यास इंग्रजी शिक्षण देण्याचा आग्रह धरला. १८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले, त्याच्या पहिल्या तुकडीत भाऊ होते. प्रेताला शिवल्यास विटाळ मानण्याचा तो काळ. या विद्यार्थ्यांना मात्र मृतदेह उघडून स्नायू, रक्तवाहिन्या, मज्जातंतू हाताने वेगळे करून ओळखावे लागत. केस, नखे, अस्थी, हृदय, यकृत अशा बत्तीस अंगांचे चिंतन भिक्खूंना सांगणारी परंपरा आपली असल्याने आम्हांला त्या धैर्याचे विशेष अगत्य वाटते.

१८५१ साली पदवी मिळाल्यावर बंधू नारायण यांच्यासह त्यांनी गरिबांसाठी मोफत दवाखाना चालविला. त्यांचे खरे झुंजणे महारोगाशी होते. हा रोग हातापायांच्या मज्जातंतूंना ग्रासतो. संवेदना गेल्याने चटका कळत नाही, जखम चिघळत जाते. लोक यास पूर्वजन्मीचे पाप समजून रोग्याला वेशीबाहेर काढीत. भाऊंनी त्यास रोगच मानले आणि औषध शोधले. त्याचा तपशील मात्र त्यांनी हयातीत प्रसिद्ध केला नाही. ज्ञान झाकून ठेवणे आम्हांस पटत नाही, हे येथे नमूद केलेच पाहिजे. ते कडू कवठाच्या बियांचे तेल होते, असे पुढे लिहिले गेले. हा वृक्ष आपल्या कोकणातही ओढ्याकाठी आढळतो. त्याच जातीच्या तेलाची इंजेक्शने पुढे जगभर दिली गेली, ती १९४० नंतरच्या दशकात सल्फोन औषधे येईपर्यंत.

याच वैद्याने अजिंठ्याचे शिलालेख उतरवून वाचले आणि त्यांचे भाषांतर १८६३ च्या सुमारास विद्वानांपुढे ठेवले. कोणत्या अमात्याने, कोणत्या भिक्खूने ती लेणी दान दिली, हे कळू लागले. नाडी पाहणारी बोटे पाषाणातील झिजलेली अक्षरेही तितक्याच सावकाश चाचपीत असावीत.

अखेरीस पक्षाघाताने त्यांचे शरीर लुळे पडले. ३१ मे १८७४ रोजी, पन्नाशीच्या आसपास, त्यांचे निधन झाले. नॉर्वेतील हॅन्सन यांना महारोगाचा जंतू दिसला, त्यास तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते.

भायखळ्याच्या राणीच्या बागेलगतच्या संग्रहालयास १९७५ पासून भाऊंचे नाव आहे. सहलीला गेलेली मुले बहुधा प्राणी पाहूनच परततात.