रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर

कुळगीसारख्या गावातून मूल चित्रकला शिकायला बाहेर पडते म्हटले की घरात पहिला प्रश्न ठरलेला असतो. पदवी मिळेल हो, पण पुढे पोट कसे भरणार? प्रश्न जुनाच आहे. म्हणून आज आम्ही चित्रकार धुरंधर यांची ओळख मंडळाच्या सभासदांना, विशेषतः कलाशाखेत शिकणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना, करून देत आहोत.

धुरंधरांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापूरला झाला. १८९० साली ते मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत दाखल झाले. जॉन ग्रिफिथ्स तेव्हा तिथे प्राचार्य होते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला विद्यार्थ्यांकडून करून घेणारे तेच. डोळ्यांसमोरचे माणूस नीट बघून काढावे, हे वळण धुरंधरांना या शाळेत लागले.

शिकत असतानाच ते प्रदर्शनांत चित्रे ठेवू लागले. १८९५ साली लक्ष्मीच्या आगमनाच्या घरगुती विषयावरील चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. पुढच्याच वर्षी त्याच शाळेत शिक्षकाची नोकरी लागली. पदकाने नाव झाले आणि पगाराने घर चालले. तरीही ते पगारावर थांबले नाहीत, आणि आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हेच.

शाळा सांभाळून त्यांनी मिळेल ते काम घेतले आणि प्रत्येक काम नीट केले. मुंबईच्या रस्त्यावरची माणसे त्यांनी पोस्टकार्डांसाठी काढली. पोलीस कमिशनर एडवर्ड्स यांच्या मुंबईवरील पुस्तकाला १९१२ मध्ये चित्रे दिली. १९१४ मध्ये किंकेड यांनी आपल्या आज्या सांगत त्या श्रावणातल्या कहाण्या इंग्रजीत आणल्या. त्यातली चित्रेही धुरंधरांचीच. ऑटो रॉथफेल्ड यांचे भारतीय स्त्रियांवरचे पुस्तक १९२० चे. कोणत्या जातीची, कोणत्या प्रांताची बाई लुगडे कसे नेसते, हे त्यांच्याइतके बारकाईने बघणारा चित्रकार विरळाच. मोठी तैलचित्रेही त्यांनी केली; औंधच्या संग्रहालयात त्यांचे काम आहे. पुस्तकासाठी वा पोस्टकार्डासाठी चित्र काढणे म्हणजे हलके काम, असे आजही काही विद्यार्थी मानतात. धुरंधरांनी तसे कधी मानलेले दिसत नाही.

बंगालमध्ये स्वदेशी शैलीचा आग्रह वाढला तेव्हा मुंबईच्या या वळणावर विलायती म्हणून टीका झाली. ती सगळीच चुकीची होती असे आम्ही म्हणणार नाही. पण त्या विलायती हाताने काढलेली माणसे मात्र पक्की इथलीच होती.

शाळेत ते हेडमास्तर झाले आणि १९३० मध्ये काही काळ प्रमुखपदाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. त्या खुर्चीवर बसलेले ते पहिले भारतीय. १९३१ ला निवृत्त झाले. विद्यार्थी म्हणून पाऊल टाकल्यापासूनची ही वर्षे मोजून त्यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकाला ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ असे नाव दिले. ते १९४० साली निघाले. कलेच्या विद्यार्थ्याने ते मिळवून वाचावेच.

१ जून १९४४ रोजी ते वारले. त्यांची कन्या अंबिका याही त्याच शाळेत शिकून चित्रकार झाल्या. ‘माझी स्मरणचित्रे’ हे त्यांचे आत्मकथन, वडिलांच्या पुस्तकाच्या शेजारी ठेवण्यासारखे.