सर विल्यम वानलेस : मिरजेतील सेवापर्व

मिरज हे वैद्यकीय उपचारांचे नगर म्हणून महाराष्ट्रात व उत्तर कर्नाटकात ओळखले जाते. या लौकिकाचा पाया घालणारे सर विल्यम जेम्स वानलेस यांचा जन्म 1865 साली कॅनडातील ओंटारिओ प्रांतात झाला. ते प्रेस्बिटेरियन पंथाचे मिशनरी होते. वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून 1889 साली ते पत्नी मेरी यांच्यासह भारतात आले. प्रथम सांगली येथे दवाखाना चालवून पुढे त्यांनी मिरज ही आपली कर्मभूमी केली. 1894 साली तेथे मिशन रुग्णालय उभे राहिले.

मोतीबिंदूच्या व पोटाच्या शस्त्रक्रियांसाठी दूरदूरचे रुग्ण रेल्वेने व बैलगाडीने मिरजेस येऊ लागले. परंतु शस्त्रक्रिया तासाभरात आटोपते. त्यानंतर जखम स्वच्छ ठेवणे, ताप पाहणे, वेळेवर औषध व अन्न देणे, रात्रभर जागणे हे कार्य परिचारिकेचे असते. हे जाणून वानलेस यांच्या रुग्णालयात डॉक्टरांबरोबरच परिचारिकाही घडविल्या गेल्या. तेथे 1897 साली वैद्यकीय शाळा सुरू झाली.

तो काळ सोपा नव्हता. परक्याच्या जखमांना हात लावणे हलके काम मानले जाई. जातीपातीचे सोवळेओवळे कडक होते आणि मुलींनी घराबाहेर राहून, त्यातही रात्रपाळीत, काम करणे समाजास रुचत नसे. अशा वेळी भारतात या सेवेसाठी प्रथम पुढे आलेल्या मुलींमध्ये ख्रिस्ती कुटुंबांतील मुली बहुसंख्य होत्या. त्यांनी टोमणे सोसले. पण रुग्णाची जात विचारली नाही.

वानलेस यांनी कुष्ठरुग्णांसाठी आश्रम आणि क्षयरोग्यांसाठी आरोग्यधामही उभारले. जवळपास चार दशकांच्या सेवेनंतर 1928 साली ब्रिटिश सरकारने त्यांना ‘सर’ हा किताब दिला. 1933 साली त्यांचे निधन झाले. सांगली व मिरज यांच्या दरम्यानची वानलेसवाडी आजही त्यांचे नाव सांगते.

डॉक्टरांचे नाव वस्तीला लाभले. त्यांच्या हाताखालच्या परिचारिकांची नावे मात्र फारशी कोणास ठाऊक नाहीत. आज जत, आटपाडीसारख्या दुष्काळी तालुक्यांतही आरोग्यसेवेचा पहिला आधार परिचारिकाच आहे. सपाट भागात पाच हजार व डोंगराळ अथवा आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे, असा शासनाचा निकष आहे. तेथील सिस्टर गरोदर मातांची तपासणी करते, बालकांना लस टोचते, क्षयरुग्णाच्या औषधांत खंड पडू देत नाही. डॉक्टरांची भेट होण्यापूर्वी गावकऱ्यांची भेट होते ती तिच्याशीच.

म्हणून वानलेस यांचे स्मरण करताना या भगिनींचेही स्मरण व्हावे. आपल्या गावातील सिस्टरला राहण्यास सुरक्षित जागा, वेळीअवेळी जाण्यायेण्यास सोबत आणि बोलण्यात आदर मिळतो का, याची चौकशी आपण प्रत्येकाने अवश्य करावी.